नको त्या लोकांच्या टाळ्या

पत्र:

आमचा एक वाचनगट आहे. वेगवेगळ्या धर्मांत वाढलेली माणसं त्यात आहेत आणि बहुतेक जण स्वतःला उदारमतवादी म्हणवतात. गेल्या बैठकीत एका कादंबरीवर बोलणं चाललं असताना एक ज्येष्ठ सदस्य सहज म्हणाले, की धर्माबाहेर लग्न करणाऱ्या मुलीशी घरच्यांनी संबंध तोडावेत हेच योग्य. पुढे असंही म्हणाले, की समलिंगी असणं हा आजार आहे आणि त्यांच्या धर्मात त्याला जागा नाही. सगळे गप्प राहिले. मी विरोध केला. नंतर माझ्या जवळच्या मैत्रिणीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा त्यांचा आतला प्रश्न आहे. ते लोक आधीच कोपऱ्यात ढकललेले आहेत आणि तू बहुसंख्याकांतली. तू बोललीस की तो त्यांना छळच वाटतो." घरी येऊन मी समाजमाध्यमावर या प्रसंगाची पोस्ट लिहिली. तिला सगळ्यात जास्त वाहवा मिळाली ती त्या समाजाचा उघड द्वेष करणाऱ्यांची. मला शिसारी आली. याच गटात माझ्या स्वतःच्या धर्मातल्या रूढींवर मी कितीदा तरी तोंडसुख घेतलं आहे, तेव्हा कुणीही हरकत घेतली नव्हती. मी बोलावं की गप्प बसावं? आणि पोस्टचं काय करू?

– द्विधेतली वाचक

उत्तर:

प्रिय वाचक,

बोला.

एवढं एका शब्दाचं उत्तर देऊन मला मोकळं होता आलं असतं. पण तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही, आणि त्या वाहवेचं काय करायचं हा प्रश्न तर त्याहून नाजूक आहे. म्हणून जरा पाल्हाळ लावते, सांभाळून घ्या.

तुम्ही पत्रात एकाही धर्माचं नाव लिहिलेलं नाही. मुद्दाम की अनवधानाने, कोण जाणे. पण बरं केलंत. नावं कळल्यावर माझं उत्तर बदलणार असेल तर ते टाकाऊ समजा. हीच कसोटी स्वतःला लावून बघा. मुलीशी संबंध तोडण्याचं ते वाक्य तुमच्याच एखाद्या काकांच्या तोंडी घाला. तुम्ही गप्प बसला असतात? पत्रावरून तरी वाटतं, काकांची चांगली हजेरी घेतली असतीत. मग या गृहस्थांना वेगळा न्याय कशासाठी? मैत्रीण म्हणेल, आदरापोटी. एखाद्या माणसाला वाद घालण्याच्या लायकीचंच न समजणं, याला मी आदर म्हणणार नाही. आपले काका आज ना उद्या सुधारतील अशी आपल्याला आशा असते, आणि परधर्मातल्या काकांना मात्र "ते तसेच असायचे" म्हणून आपण सोडून देतो. यात जास्त अपमान कुणाचा होतो?

तरीही मैत्रिणीच्या बाजूने इतिहासात भक्कम पुरावा आहे, तो आधी मांडते. लॉर्ड क्रोमर हा इंग्रज अधिकारी १८८३ ते १९०७ या काळात इजिप्तचा खरा कर्ताधर्ता होता. इस्लाम स्त्रियांना बुरख्यात आणि पडद्याआड ठेवतो, म्हणून हा समाज मागासला, असं तो ठासून लिहीत असे. मायदेशी परतल्यावर हाच गृहस्थ स्त्रियांना मताधिकार मिळू नये म्हणून झटणाऱ्या संघटनेचा अध्यक्ष झाला! त्याला इजिप्तमधल्या बायकांची कणव होती की तिथे राज्य करायला एक सबब हवी होती, हे वेगळं सांगायला नको. अशी 'काळजी' ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या आली, त्यांना तुमच्या सरळ प्रश्नातही क्रोमर दिसला तर त्यांना दोष देता येत नाही. मैत्रिणीला बहुधा हेच म्हणायचं असावं.

पण क्रोमरचं चुकलं कुठे? तो बाहेरचा होता म्हणून नाही. स्वतःच्या घरातल्या बायकांसाठी त्याने वेगळं माप ठेवलं होतं, आणि ज्यांच्या वतीने तो बोलत होता त्यांचं म्हणणं ऐकायची त्याला गरज वाटली नव्हती. तुम्ही स्वतःच्या धर्मावर आधी आणि जास्त बोलला आहात. त्यामुळे पहिला आरोप तुम्हाला चिकटत नाही. दुसऱ्याबद्दल पुढे लिहिते, कारण तिथे तुमचंही थोडं चुकलं आहे असं मला वाटतं.

"आतला प्रश्न आहे, बाहेरच्यांनी बोलू नये" हा युक्तिवाद मराठी माणसाला नवा नाही. १८९० मध्ये कलकत्त्यात एक खटला गाजला. फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगात जखमी होऊन मेली होती. त्या नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. बलात्काराचा गुन्हा त्याला लागूच शकला नाही, कारण कायद्यात संमतीचं वय होतं दहा. ते बारा करणारं विधेयक आलं तेव्हा टिळकांनी कडाडून विरोध केला. बालविवाह त्यांना फार प्रिय होते असं नाही. परक्या सरकारला आमच्या धर्मात हात घालायचा अधिकार नाही, सुधारणा करायची ती आम्ही करू, असं त्यांचं म्हणणं. आगरकर 'सुधारका'तून विधेयकाच्या बाजूने लढले. १८९१ मध्ये कायदा झाला. टिळकांचा मुद्दा पोकळ नव्हता, ते सरकार खरोखरच परकं होतं आणि त्याचा हेतू धुतल्या तांदळासारखा होता असंही कुणी म्हणणार नाही. पण त्या महिन्यांतली भांडणं वाचताना एक गोष्ट सलते. कोणी बोलावं आणि कोणी बोलू नये यावर रकानेच्या रकाने खर्ची पडले. जी मेली तिच्या वयाच्या इतर मुलींचं काय, हा विषय त्या रकान्यांच्या तळाशी गेला.

आणि त्याच काळात एक बाई स्वतः बोलत होती. रखमाबाईंनी १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'अ हिंदू लेडी' या टोपणनावाने बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली. लहानपणी ज्याच्याशी लग्न लावून दिलं होतं त्याच्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला होता. नवरा कोर्टात गेला. १८८७ मध्ये कोर्टाने फर्मावलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, ही कथा तुम्हाला ठाऊक असेल. माझं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे आहे. आतल्या या बाईने पत्रं कुठे पाठवली? इंग्रजांच्या मालकीच्या, इंग्रजी वर्तमानपत्राकडे. घरातल्यांनी कान बंद केले की माणूस बाहेर हाक मारतो. त्या हाकेला "तुमचं तुम्ही बघून घ्या" म्हणणारे लोक सभ्य दिसतात खरे, पण दार त्यांनीही लावलेलंच असतं.

'आतल्यांनीच बोलावं' ही अट ऐकायला न्याय्य वाटते. प्रश्न एवढाच, की आतला कोण, याचा दाखला कुणी द्यायचा? अनुभव असा, की तो दाखला ज्यांच्यावर टीका व्हायची असते त्यांच्याच हातात असतो, आणि तोंड उघडताक्षणी रद्द होतो. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालअपेष्टांवर पुस्तक लिहिलं. त्याआधी चार वर्षं त्या ख्रिस्ती झाल्या होत्या, म्हणून त्यांचं म्हणणं बाहेरचं ठरवायला लोकांना सोपं गेलं. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. तू खरा मुसलमानच नाहीस, हे त्यांना आयुष्यभर ऐकावं लागलं. आणि लाहोरचा जातपाततोडक मंडळाचा प्रसंग तर मला नेहमीच मासलेवाईक वाटतो. जाती मोडायला निघालेल्या सुधारक हिंदूंचं ते मंडळ. त्यांनी १९३६ च्या परिषदेला डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, त्यांचं भाषण आधी वाचलं, घाबरले, काही भाग गाळा म्हणाले. आंबेडकर स्वल्पविरामही बदलायला तयार झाले नाहीत. परिषदच रद्द झाली आणि भाषण त्यांनी स्वतः छापलं. आता सांगा, हे तिघं आतले की बाहेरचे? सोयीप्रमाणे दोन्ही.

तुमच्या पत्रात एक व्यक्ती नाही, ती मला राहून राहून दिसते. त्या गृहस्थांच्याच धर्मात वाढलेली, धर्माबाहेरच्या कुणावर तरी जीव जडलेली मुलगी. किंवा आपण समलिंगी आहोत हे कुणालाही न सांगितलेला मुलगा. त्या बैठकीत असं कुणी होतं का, हे तुम्ही लिहिलं नाहीत; तुम्हाला कळण्याचा मार्गही नाही. पण असलंच, तर त्याने काय पाहिलं? उदारमतवादी म्हणवणारे इतके जण, आणि सगळे पुस्तकात डोकं घालून बसलेले. तुम्ही एकटीने तोंड उघडलंत. "कोपऱ्यात ढकललेले लोक" असं तुमची मैत्रीण म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर सगळा समाज एकगठ्ठा असतो. त्या कोपऱ्यातही कोपरे असतात. तिथेही कुणाचा तरी आवाज मोठा असतो आणि कुणाचा तरी दाबलेला. बाहेरच्यांच्या मौनाचा फायदा कुणाला होतो, हे सांगायला नको.

अमेरिकेत १९७२ मध्ये आमिश पंथाच्या पालकांचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. आठवीपुढे मुलांना शाळेत पाठवणं आमच्या धर्मजीवनाला बाधक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पालक जिंकले. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र अंशतः वेगळं मत नोंदवून एक साधा प्रश्न विचारला, की मुलांचं म्हणणं कुणी विचारलं का. धर्म आणि उदारमतवाद यांच्यावरच्या चर्चांमध्ये मला या प्रश्नाइतका उपयोगी दुसरा प्रश्न सापडलेला नाही.

इथे तुमची मैत्रीण म्हणेल, म्हणजे आता आम्ही जाऊन त्यांच्या मुलांना सोडवायचं का? नाही. टीका आणि सक्ती यांच्यातलं अंतर बुजवलं की सगळा घोटाळा होतो, आणि तो दोन्ही बाजूंचे लोक करतात. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या 'ऑन लिबर्टी' मध्ये मॉर्मन पंथाच्या बहुपत्नीत्वाचं उदाहरण घेतलं आहे. त्या प्रथेचा त्याला मनापासून तिटकारा होता आणि तो त्याने लपवला नाही. पण फौजफाटा पाठवून ती बंद करण्याची भाषा काही लोक करत होते, त्यांना तो म्हणाला, प्रचारक पाठवायचे तर पाठवा, वाद घाला, सक्ती नको. अट एवढीच, की ज्याला त्या समाजातून बाहेर पडायचं असेल त्याला मोकळेपणी पडता आलं पाहिजे. हे पुस्तक आता पावणेदोनशे वर्षांचं होत आलं, तरी या अटीच्या पुढे फार कुणी गेलेलं नाही.

सक्तीने काय होतं हे पाहायचं तर इराणकडे पाहा. १९३६ मध्ये रझा शहाने फर्मान काढून बुरख्यावर बंदी घातली. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढत. परिणाम असा, की अनेक जणी घराबाहेर पडायच्याच बंद झाल्या. १९७९ च्या क्रांतीनंतर वारं उलट फिरलं आणि काही वर्षांत हिजाब कायद्याने सक्तीचा झाला. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये हिजाब नीट घातला नाही म्हणून पकडलेली महसा अमिनी ही तरुणी कोठडीत असताना मरण पावली, आणि बायका रस्त्यावर उतरल्या. एकाच देशात एका राजवटीने ओढून काढलं, दुसरीने ओढून घातलं. उदारमतवाद्याला या दोन्हींविरुद्ध बोलता आलं पाहिजे, आणि त्याच दमात स्वखुशीने डोकं झाकणाऱ्या बाईच्या बाजूने उभंही राहता आलं पाहिजे. जमत नसेल तर त्याचा आक्षेप सक्तीवर नाही, कापडावर आहे.

ही गोष्ट जरा ठळक करून ठेवा, कारण आपल्यासारख्यांचं इथे वारंवार घसरतं. कुणी उपास करतं, कुणी ब्रह्मचर्य पाळतं, कुणी दिवसातून ठरावीक वेळा प्रार्थना करतं, कुणी नाचगाणं वर्ज्य मानतं. तुम्हाला ते कितीही जुनाट वाटो, त्यात अनुदार काही नाही. तो त्याचा जगण्याचा ढंग. दुसऱ्यावर लादणं, बाहेर पडणाऱ्याला शिक्षा करणं, एखाद्याला जन्मावरून किंवा लिंगावरून खालचं ठरवणं, तिथून आपला विषय सुरू होतो. त्याच्या अलीकडे सुरू होत नाही. बऱ्याच स्वयंघोषित उदारमतवाद्यांना खरं तर श्रद्धेचाच कंटाळा असतो, आणि ते त्या कंटाळ्याला तत्त्वाचं नाव देतात.

आता ते गृहस्थ नेमकं काय म्हणाले ते पुन्हा पाहू. त्यांनी एका दमात तीन वेगळ्या जातीची विधानं केली आणि तुम्ही तिन्हींना बहुधा एकच उत्तर दिलंत.

"हा आजार आहे" हे धर्माचं विधानच नाही. ते वैद्यकाचं आहे आणि चुकीचं आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. हे शांतपणे सांगायचं. यात कुणाची श्रद्धा दुखावण्याचा संबंध येत नाही.

"आमच्या धर्मात त्याला जागा नाही" हे विधान त्यांच्या धर्मग्रंथांविषयीचं आहे. त्यावर तुम्ही पंडिताईचा आव आणू नका. तो वाद त्यांच्या धर्मातले लोक करतात, जवळजवळ प्रत्येक धर्मात आज तो चालू आहे, आणि त्यातल्या सुधारक बाजूला तुमच्या अर्धवट उद्धरणांची मदत होण्यापेक्षा अडचणच जास्त होते.

राहिलं तिसरं: मुलीशी संबंध तोडावेत. खरं बोलायचं ते इथेच. आणि इथे टीका का अत्यावश्यक आहे याचं कारण जरा अनपेक्षित आहे. आपल्या मुलीशी बोलायचं नाही असं एखाद्या बापाने ठरवलं तर कुठलाही सुबुद्ध कायदा त्याला बोलायला लावू शकत नाही, आणि लावूही नये. संपूर्ण जमातीने मिळून एखाद्याला वाळीत टाकणं ही त्याहून वेगळी, संघटित गोष्ट. पण तिथेही कायद्याची दमछाक होते. जुन्या मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला, तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या आधारावर रद्द ठरवला. म्हणजे बघा, जिथे कायदा पोहोचत नाही किंवा पोहोचू नये असं आपणच म्हणतो, तिथे माणसाच्या मनाला हात घालायला एकच साधन उरतं, ते म्हणजे त्याच्याशी बोलणं. टीका हे आपल्या हातातलं सगळ्यात सौम्य हत्यार आहे. तेच "छळ" म्हणून बाजूला ठेवलं तर मागे उरतात दोनच गोष्टी, दंडुका किंवा दुर्लक्ष. मैत्रिणीला यातलं काय हवं आहे, एकदा विचारा.

टाळ्यांकडे येते. शिसारी आली हे ठीकच आहे. आली नसती तर मला काळजी वाटली असती. पण नको ते लोक टाळ्या वाजवतात म्हणून खरं बोलायचं सोडायचं, तर तुम्ही काय बोलायचं हे ठरवायचा अधिकार त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना दिल्यासारखं होतं. लंडनमध्ये १९८९ साली सलमान रश्दींच्या 'द सॅटॅनिक व्हर्सेस' या कादंबरीवरून प्रकरण पेटलं तेव्हा वेगवेगळ्या धर्मांत वाढलेल्या स्त्रियांनी मूलतत्त्ववादाविरुद्ध एक संघटना काढली. साउथहॉल ब्लॅक सिस्टर्स या संस्थेतल्या, घरात मार खाणाऱ्या आशियाई बायकांसाठी वर्षानुवर्षं काम केलेल्या कार्यकर्त्या त्यात होत्या. पुस्तकावर बंदी मागणाऱ्या मोठ्या मोर्चासमोर त्या मूठभर जणी फलक घेऊन उभ्या राहिल्या. एका बाजूने मोर्चातले पुरुष त्यांना शिव्या घालत होते, दुसऱ्या बाजूला गोरे वंशवादी होते, आणि त्यांनाही या बायका नकोच होत्या. दोन्हीकडून शिव्या खाणाऱ्या या बायकांच्या हेतूबद्दल मात्र कुणाला शंका घ्यायला जागा राहिली नाही. त्या समाजातल्या बायकांसाठी त्या आधीपासून राबत होत्या, आणि वंशवाद्यांविरुद्धही आधीपासून लढत होत्या.

आपल्याकडचं उदाहरण तोंडी तलाकचं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा रद्द ठरवली, त्यामागे मुस्लिम स्त्रियांचीच लढाई होती. २०१९ मध्ये तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद असलेला कायदा आला, तेव्हा या प्रथेविरुद्ध लढलेल्या काही स्त्री-संघटनांनीच त्या तरतुदीला विरोध केला. प्रथा वाईट आहे हेही त्या म्हणत राहिल्या आणि नवऱ्याला तुरुंगात घालून बायकोचं भलं होत नाही हेही. टीका इतरांनी पळवली म्हणून त्यांनी ती मागे घेतली नाही. उलट तिच्यातलं आपलं म्हणणं कोणतं आणि पळवणाऱ्यांचं कोणतं, हे नीट वेगळं करून दाखवलं.

टीका करण्याची किंमत असते ती अशी. ज्या समाजातल्या एका गृहस्थाला तुम्ही सुनावलंत, त्या समाजावर उद्या घर भाड्याने देण्यावरून, नोकरीवरून, निव्वळ नावावरून अन्याय झाला तर तुमचा आवाज पहिल्या काहींमध्ये असला पाहिजे. गटातच कुणी "हे लोक असलेच" म्हणालं तर त्याला तिथल्या तिथे अडवणारी तुम्ही असायला हवी. हे करणाऱ्याच्या टीकेला लोक चिडतात, पण क्रोमर म्हणत नाहीत.

त्या गृहस्थांचं काय करायचं? त्यांना गटातून काढायची भाषा कुणी केली तर विरोध करा. आपल्या धर्माबाहेरच्यांच्या गटात बसून ते कादंबऱ्या वाचतात आणि मनातलं उघड बोलतात, हे त्यांच्या मताच्या किती माणसांकडून होतं? त्यांना गाठून निवांत बोला. प्रवचन नको, विचारा. त्या मुलीने काय केलं म्हणजे बापाने बोलणं सोडावं? मुलाने केलं असतं तर? घरी कधी असं झालं आहे का? माझा अंदाज असा, की असल्या ठाम वाक्यांमागे अनेकदा एखादी खरी मुलगी असते, आणि माणूस स्वतःलाच पटवत असतो. अंदाजच आहे, चुकूही शकतो. आणि तयारी ठेवा, ते उलट टीका करतील. तुम्ही मोकळे लोक म्हातारपणी आईबापांना विचारत नाही, तुमच्याकडे माणूस एकटा मरतो, असं काहीतरी म्हणतील. तेव्हा "हा विषय वेगळा" म्हणून झटकू नका. त्यांनाही तुमच्यावर मोकळेपणी टीका करता आली पाहिजे, आणि त्यांच्या म्हणण्यात थोडंफार तथ्य सापडेलच.

मैत्रिणीशी भांडू नका. तिची भीती खरी आहे, फक्त तिने उपाय चुकीचा निवडला आहे.

आणि पोस्ट. इथे मी तुमच्या बाजूने नाही. गटात बोललात ते बरोबर, पोस्ट लिहिलीत ते चुकलं. टीका जहाल होती म्हणून नव्हे, ती चुकीच्या लोकांसमोर झाली म्हणून. गटात ते गृहस्थ समोर होते, उत्तर देऊ शकत होते. पोस्टमध्ये ते गैरहजर होते आणि हजर होते ते त्यांच्या समाजाचा द्वेष करणारे. विश्वासाने बोललेलं वाक्य तुम्ही त्यांच्या परोक्ष चव्हाट्यावर मांडलंत. नाव घेतलं नसलं तरी गटातल्या प्रत्येकाला ते कोण हे कळणार. ज्यांच्याबद्दल आपण बोलतो त्यांचं ऐकायची गरज न वाटणं, हा क्रोमरवरचा दुसरा आरोप तुम्हाला चिकटतो तो इथे. तेव्हा पोस्ट काढा. त्याआधी द्वेष ओतणाऱ्या प्रतिक्रियांखाली तुमच्या नावाने लिहा, की हे तुमचं म्हणणं नाही आणि त्या समाजातल्या कुणावर अन्याय झाला तर तुम्ही त्याच्या बाजूने असाल. ते दोन-तीन दिवस लोकांना वाचू द्या, मग सगळंच काढा. पुढच्या बैठकीआधी त्या गृहस्थांना फोन करून सांगा, की तुम्ही असं लिहिलं होतं आणि काढलं आहे. लिहायचंच असेल तर मग धर्माबाहेर लग्न केलेल्या मुलींशी घरचे कसे वागतात यावर लिहा, सुरुवात तुमच्या स्वतःच्या घराण्यापासून करा, आणि तो मजकूर टाकण्याआधी त्यांना वाचायला पाठवा.